चुन्याखालचा हत्ती

जुन्या दुकानावर हाताने रंगवलेली पाटी दिसली की माझी पावलं अजूनही थबकतात, आणि ती घटना काल घडल्यासारखी डोळ्यांपुढे येते. बायको म्हणते, एवढीशी पाटी वाचायला किती वेळ लागतो तुम्हाला? मी पाटी वाचत नसतो. अक्षरांच्या डाव्या टोकाला बारीक खिळ्याचं भोक दिसतं का, ते बघत असतो. निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली, पण ही खोड गेली नाही. आता तशा पाट्याही उरल्या नाहीत. सगळीकडे फ्लेक्स आलं. एकाच्या वाढदिवसाचं उतरत नाही तोवर दुसऱ्याचं चढतं आणि त्यातलं एकही अक्षर लक्षात राहत नाही.

मी तेव्हा वाशीम जिल्ह्यातल्या एका ग्रामीण पोलीस स्टेशनचा ठाणेदार होतो. हद्दीत सगळी खेडीच. एखाद्या प्रकरणासाठी कारंज्याला कोर्टात जावं, सणावाराच्या बंदोबस्ताला मंगरूळपीरला, बाकी दिवस सकाळची हजेरी, समन्स-वॉरंट आणि बांधाच्या भांडणात जायचे. मोठे गुन्हे क्वचित. त्यामुळे माणसं निरखायला वेळ मिळायचा, आणि पोलिसाचं निम्मं शिक्षण त्या वेळातच होतं.

त्या भागात एक पेंटर होता. नाव सांगत नाही, कुणाचंच सांगणार नाही. आमच्या तालुक्यातली मेडिकल, किराणा, कृषी केंद्रं, शाळांच्या भिंती, ट्रकच्या मागच्या फळ्या, सगळीकडे त्याचाच हात. मी चार्ज घेतला तेव्हा ठाण्याच्या कंपाउंडवरचा मजकूर उन्हाने पुसट झाला होता. 'आपल्या मदतीसाठी' एवढंच दिसायचं, मदत कोण करणार ते पार गेलं होतं. मी पेंटरला बोलावून घेतलं.

हिवाळ्याचे दिवस होते. मी खुर्ची बाहेर उन्हात टाकून कागदांवर सह्या करत बसलो आणि सह्या राहिल्या बाजूला, त्याच्याकडेच बघत राहिलो. तो एकट्याने काम करायचा. मदतीला माणूस घेत नसे, दुसऱ्याचा हात लागला की काम नासतं म्हणायचा. खिशातून सुतळीची गुंडी काढायचा, ती निळीत बुडवलेली असायची. भिंतीच्या डाव्या टोकाला चपलेचा बारीक खिळा ठोकायचा, सुतळीचं एक टोक त्याला बांधायचा, दुसरं टोक उजवीकडे ताणून धरायचा आणि हात पोचेल तिथे चिमटीत पकडून सोडून द्यायचा. टण्ण असा आवाज व्हायचा आणि भिंतीवर निळी सरळ रेघ उमटायची. अशी एक वर, एक खाली. मग दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून तो ब्रश हातात घ्यायचा. अक्षरं त्या वरच्या रेघेला अशी काही टांगायचा की आमचे शिपाईसुद्धा परेड सोडून बघायला यायचे. मला म्हणाला, "साहेब, अक्षर भितीवर बसलं पायजे. चिकटलं नाई पायजे."

मला ते वाक्य फार आवडलं होतं. माणूसही आवडला होता. जेवायच्या वेळेला मी त्याला माझ्या डब्यातली भाकरी दिली होती आणि आम्ही दोघं ओट्यावर बसून जेवलो होतो. त्याच्या अक्षरांमुळे आमचं पडकं ठाणं एकदम सरकारी वाटायला लागलं. नंतर एसपी साहेब तपासणीला आले तेव्हा गुन्ह्यांच्या निर्गतीबद्दल एक शब्द चांगला बोलले नाहीत, पण भिंतीचं कौतुक करून गेले.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर एक बाई ठाण्यात आली. तिशीची असेल. हातात पालकाची भरलेली पिशवी. घरी वाडी होती, मेथी-पालक-वांगी पिकवून बाजारात विकायचं हे तिच्या सासरचं काम. पिशवी तिने बाकाखाली सरकवली आणि बसली. घरी बाजाराला जाते म्हणून सांगून निघाली होती, त्यासाठी ती पिशवी. बाजूच्या गावात ती अंगणवाडी सेविका होती.

तक्रार अशी की गावात भिंतींवर तिच्याबद्दल घाण लिहिलं जात होतं. डांबराने, रात्रीतून. तिचं आणि गावच्या ग्रामसेवकाचं नाव जोडून. आधी शाळेच्या भिंतीवर, मग पाण्याच्या टाकीवर, आणि आता एसटीच्या थांब्यावर. मजकूर काय, असं विचारलं तर तिने पदर तोंडाला लावला. आमच्या महिला पोलिसाने तिला आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं. तरी ती म्हणाली, "तुमी येऊन वाचा. माह्या तोंडातून नाई निंगत ते."

परिस्थिती नाजूक होती. बायांनी लेकरं अंगणवाडीत पाठवणं बंद केलं होतं. नवरा वाडीतच झोपायला लागला होता आणि तिच्या हातचं न जेवता भावाच्या घरी जेवत होता. ग्रामसभा जवळ आली होती आणि हिला अंगणवाडीतून काढावं असा ठराव तिथे येणार होता. ग्रामसेवक बदली मागून मोकळा झाला होता, त्याला कुणी काही विचारत नव्हतं. मी तिला म्हटलं, नोकरीची काळजी करू नका, ठरावाने नोकरी अशी जात नसते. तिने मान हलवली.

"नोकरीचं नाई साहेब. नोकरी गेली तं वाडी हाये. पन मी अशी मान खाली घालून निंगाली, का ते लेहलेलं खरं झालं. माही पोरगी त्याच गावात शाळेत जाते. तिनं त्या भितीखालून कसं जावं?"

मी अज्ञात आरोपीविरुद्ध गुन्हा नोंदवून घेतला. अशा तक्रारी पुष्कळ ठिकाणी अर्ज म्हणून ठेवून दिल्या जातात आणि अर्ज कपाटात म्हातारा होतो. ते मला करायचं नव्हतं. बीट जमादाराला घेऊन गावात गेलो. सरपंचाने हुशारी करून आधीच्या दोन भिंती रॉकेलने घासून काढल्या होत्या. गावाची बदनामी नको म्हणून, असं त्याचं म्हणणं. पुरावाही त्याबरोबर गेला हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं असेल. थांब्यावरचा मजकूर तेवढा शिल्लक होता. जमादाराने फोटो काढून घेतले. वेडीवाकडी, लुळी-पांगळी अक्षरं, नुकतंच लिहायला शिकलेल्या माणसाची वाटावीत अशी. डांबर रस्त्याच्या कामावरून कुणीही उचललेलं. दुकानात चौकशी करून उपयोग नव्हता.

मग खबर आली. पिठाच्या गिरणीचा मालक हा आमच्या जमादाराचा खबऱ्या. दळण दळायला सगळं गाव येतं, त्यामुळे त्याच्याकडे पिठाबरोबर बातम्याही पडत. तो म्हणाला, निवडणुकीत पडलेल्या एका उमेदवाराचं ग्रामसेवकाशी घरकुलाच्या यादीवरून वाजलं होतं, त्याचंच हे काम. पटण्यासारखं होतं. आम्ही त्याला उचलून आणलं. मिशीवाला, दांडगा, बोलायला फाटका. मी कडक आवाजात चौकशी सुरू केली, तर तो हसायलाच लागला.

"साहेब, मले लेहाचं असतं तं दिवसा लेहलं असतं. खाली माहं नाव टाकून. बाईमानसाच्या नावानं कायले लेहीन? माहं भांडन त्या ग्रामसेवकाशी हाये."

खोटं बोलणारा माणूस जास्तीची माहिती देतो, हा माझा अनुभव. याने काहीच जास्तीचं दिलं नाही. शिवाय एका रात्री तो अकोल्याला लग्नात होता, आम्ही ते तपासलं, खरं निघालं. चहा पाजून त्याला सोडून दिलं. जमादार हिरमुसला. खबऱ्याने तीन दिवस तोंड दाखवलं नाही.

मला एक सवय होती. तपास अडला की घटनास्थळी एकट्याने जाऊन बसायचं. पंचनाम्याच्या वेळी गर्दी असते, गर्दीत माणूस बघत नाही, फक्त लिहितो. मी मोटारसायकल काढली आणि चारच्या सुमाराला त्या थांब्यावर जाऊन बसलो. समोर भिंत. मजकूर वाचून किळस आली. मग मी वाचणं सोडलं आणि नुसतं बघायला लागलो.

ऊन तिरपं झालं होतं. गिलाव्यावरचा प्रत्येक खडा उठून दिसत होता. आणि त्या उन्हात मला अक्षरांच्या वर एक निळसर रेघ दिसली. पुसलेली, पण खड्ड्याखड्ड्यांत राहिलेली. खाली दुसरी. अक्षरं दारू प्यालेल्यासारखी डुलत होती, पण डोकी सगळ्यांची एका रेषेत होती. दोन्ही बाजूंना सोडलेली जागा सारखी होती. मी उठून डावीकडे गेलो. रेघ जिथे सुरू होत होती तिथे बारीक खिळ्याचं भोक होतं.

मी पुन्हा बाकावर बसलो. एसटी आली, गेली. कंडक्टरने हात केला, मी चढलो नाही म्हणून तो चमत्कारिक नजरेने बघत गेला. गुन्हेगार सापडला की पोलिसाला आनंद होतो असं लोकांना वाटतं. मला त्या दिवशी वाईट वाटलं. हा माणूस माझ्यासोबत भाकरी खाऊन गेला होता. गंमत अशी की त्याचं काम मी प्रेमाने, तासन् तास बघितलं नसतं तर ती रेघ मला दिसलीच नसती.

अंधारात चोरून घाण लिहायला आलेला माणूस, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहितो आणि तरी आधी खिळा ठोकतो, सूत मारतो, समास सोडतो. पेंटरशिवाय ही चूक दुसरा कुणी करणार नाही.

तिथून मी अंगणवाडीत गेलो. रस्त्याकडच्या भिंतीवर चित्रं काढलेली होती. पोपट, आंब्याचं झाड, मुळाक्षरं, आणि सगळ्यांत मोठा एक हत्ती. हत्तीने सोंडेत लाल छत्री धरली होती आणि पाठीवर एक कावळा बसला होता. त्या हत्तीच्या डोळ्यांत अशी काही मिश्किली होती की मी पोलीस असूनही हसलो. इतका जिवंत हत्ती मी दुसऱ्या कुठल्या भिंतीवर पाहिलेला नाही. खाली उजव्या कोपऱ्यात पेंटरचं नाव, वळणदार. मुळाक्षरांच्या डावीकडे खिळ्याचं भोक.

बाई आत एकटीच होती. दोन लेकरं होती, तिच्या भावकीतली. मी विचारलं, हा पेंटर इथे होता तेव्हा काही त्रास दिला का? तिने दोन्ही लेकरांना बाहेर खेळायला पाठवलं. मग म्हणाली, उद्या महिला पोलिसाला पाठवा, वाडीत या म्हणावं.

वाडीत तिने जबाब दिला. चित्रं काढायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याने रंगाचा डबा घेताना तिचा हात धरला होता. नंतर बोलणं वाढलं, नको ते विचारणं सुरू झालं. काम संपल्यावर तिने त्याला पुन्हा पाऊल ठेवू नको म्हणून बजावलं. तरी तो रंग नीट करायच्या नावाखाली आला आणि दार लोटून घ्यायला लागला. तेव्हा तिने ओरडून बाया गोळा केल्या आणि त्याला हाकलून दिलं. ग्रामसेवक त्या वेळी समोरच्या पंचायतीत होता, तोही बाहेर आला. म्हणून त्याचं नाव जोडलं गेलं. बायांना तिने सांगितलं होतं की मजुरीवरून भांडण झालं. खरं सांगायची तिला लाज वाटली.

आमच्या महिला पोलिसाने विचारलं, दुसऱ्या दिवशीच का हाकललं नाही? हे उत्तर जबाबात जसंच्या तसं आहे, आणि मी ते विसरलेलो नाही.

"हत्तीचे पाय राह्यले होते. लेकरं रोज येऊन पुसत, बाई हत्ती उभा कवा होईन. मी म्हटलं, हत्ती होऊ द्या, मंग पाहू."

दुसऱ्या दिवशी पेंटरला ठाण्यात बोलावलं. भिंतीवरचा एक शब्द उडाला आहे, असं निमित्त सांगितलं. तो डबे घेऊन, राम राम करत आला. चहा घेतला. मी एक प्लायवूडची फळी भिंतीला टेकवून ठेवली होती. म्हटलं, पेंटर, एक गंमत करू. मी काय सांगतो ते या फळीवर जितकं वाईट लिहिता येईल तितकं वाईट लिहून दाखवा. डाव्या हाताने. तो हसला. माझ्यासारख्याला वाईट लिहायला लावता म्हणाला. ब्रश बुडवला, डाव्या हातात घेतला, फळीसमोर उभा राहिला, आणि त्याचा उजवा हात आपोआप खिशात गेला.

सुतळीची गुंडी अर्धी बाहेर आली होती. तेव्हा त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. जमादार दारात उभा होता. पेंटरने गुंडीकडे पाहिलं, मग कंपाउंडच्या भिंतीकडे पाहिलं, आणि ब्रश हळूच डब्यात ठेवून खाली बसला.

पुढे सगळं भडाभडा आलं. बाईने चारचौघींत अपमान केला, तालुक्यात आपल्याला सगळे मान देतात आणि ही कोण, असं त्याचं चाललं होतं. तिचं काय झालं, तिचा नवरा जेवत नाही, लेकरं येत नाहीत, हे मी सांगितलं. त्यावर त्याचा चेहरा हलला नाही. मात्र मी थांब्याच्या भिंतीचा फोटो टेबलावर ठेवला तेव्हा त्याने तो उलटा केला.

"साहेब, कलम काय लावाचं ते लावा. पन हे अक्षर माहं हाये म्हून कोनाले सांगू नका."

नोकरीत मी खूनही पाहिले. पण माणसाच्या आत केवढी पोकळी असू शकते हे मला त्या वाक्याने दाखवलं. त्याला लाज वाटत होती, खरी लाज, डोळ्यांत पाणी होतं. ती लाज त्या बाईची नव्हती, बिघडलेल्या अक्षरांची होती.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून पंचांसमक्ष त्याच्या शेडची झडती घेतली. डांबराचा डबा, डांबर लागलेला ब्रश, तेच खिळे, सुतळी, असा मुद्देमाल जप्त केला. थांब्याच्या भिंतीवरच्या रेघांचा पुन्हा पंचनामा केला. विनयभंगाचं कलम वाढवलं आणि अटक दाखवली. ग्रामसभा दुसऱ्या दिवशी होती.

संध्याकाळी सरपंच आणि तालुक्यातली काही प्रतिष्ठित मंडळी ठाण्यात आली. व्यापारी होते, गुरुजी होते. कुणी वाईट माणूस नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच की प्रकरण आपसांत मिटवावं. मारुतीच्या मंदिराचं रंगकाम अर्ध्यावर आहे. असा हात पुन्हा होणे नाही. कलाकार माणसाचं डोकं थोडं फिरलेलं असतंच. एक जण म्हणाला, "साहेब, तुमची भीत बी त्यानंच रंगवली ना?" मी म्हटलं, हो, आणि फार सुंदर रंगवली. म्हणूनच तर सापडला. मंदिराला दुसरा पेंटर मिळेल, या बाईला दुसरं गाव मिळणार नाही, एवढं सांगून मी त्यांना वाटेला लावलं.

ग्रामसभेला मी स्वतः गेलो. भाषण केलं नाही. गुन्हा काय, आरोपी कोण, त्याला कशासाठी अटक झाली, एवढं सांगितलं आणि खाली बसलो. सभेत कुजबुज झाली. ठराव कुणी मांडलाच नाही. मागच्या बाजूला तिचा नवरा उभा होता. तो पुढे आला आणि बायकोच्या शेजारी जाऊन सतरंजीवर बसला. पुरुषांच्या बाजूने उठून बायांच्या बाजूला बसणं त्या गावात साधी गोष्ट नव्हती. मला ते पुरेसं वाटलं. तिला वाटलं की नाही, माहीत नाही.

मग कुणीतरी अंगणवाडीच्या भिंतीचा विषय काढला. तरुण मंडळी म्हणाली, त्या माणसाचं गावात काही नको, सगळं पुसा. गुरुजी म्हणाले, चित्रांनी कुणाचं काय बिघडवलं? लेकरांची भिंत आहे. दोन्हीकडून आवाज चढला. सरपंच माझ्याकडे वळला, ठाणेदार साहेबांनीच सांगावं म्हणाला. मी म्हटलं, गुन्हा माणसाने केला आहे, हत्तीने नाही. चित्र चांगलं आहे, राहू द्यावं. लोक हसले, माना डोलल्या. वाद मिटला असं मलाही वाटलं.

तेव्हा ती उभी राहिली. सबंध सभेत पहिल्यांदाच.

"तुमाले हत्ती दिसते साहेब. मले त्याचा हात दिसते."

एवढंच बोलून ती बसली. विषय तिथेच संपला. मी ठाण्याच्या मुक्कामी राहणारा माणूस. मला त्या भिंतीसमोर रोज सकाळी कुलूप उघडायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने घरातला चुना भिजवला आणि स्वतःच्या हाताने भिंत पांढरी केली. पोपट, झाड, हत्ती, छत्री, सगळं गेलं. लेकरं रडली म्हणे. पण लेकरं पुन्हा यायला लागली होती, म्हणूनच रडायला तिथे होती.

खटला चालला. पंच फुटले नाहीत, हे त्या काळात नवलच. पेंटरला शिक्षा झाली. ती भोगून तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला. तोवर फ्लेक्सचा जमाना आला आणि त्याच्या कलेला गिऱ्हाईक उरलं नाही. माझी बदली झाली. पुढे ठाण्याची नवी इमारत बांधली, त्यात आमची ती भिंतही पडली. ऐकून मला हळहळ वाटली. ती अक्षरं मला आवडायची, अजून आवडतात. तो माणूस माझ्या मनातून त्याच दिवशी उतरला, अक्षरं काही उतरली नाहीत. दोन्ही खरं आहे, आणि मी ते जुळवायचा प्रयत्न सोडून दिला आहे.

गेल्या वर्षी एका लग्नाला कामरगावला गेलो होतो. परतताना गाडी त्या गावाकडे वळवली. पावसाळा नुकताच संपला होता. अंगणवाडी तीच, आणि भिंतीवर हत्ती उभा. मी चरकलो. रंग उडालेला, ठिकठिकाणी चुन्याचे पोपडे, पण छत्री लालच, आणि डोळ्यांत तोच मिश्किलपणा. एक लेकरू त्याच्या पायाशी टेकून पाटीवर रेघोट्या मारत होतं.

बाई बाहेर आल्या. केस पिकले होते. मला ओळखलं, खुर्ची मागवली. मुलगी कारंज्याला नर्स आहे म्हणाल्या, तिचं लग्न झालं. नवऱ्याची वाडी बरी चालते. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर मी हत्तीकडे बोट केलं. त्या हसल्या. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, दर पावसाळ्यात हत्ती बाहेर पडतो आणि दर दिवाळीला त्या पुन्हा चुना मारतात. इतकी वर्षं हेच चाललं होतं. आधी दात ओठ खाऊन मारायच्या, नंतर नुसतं दिवाळीचं काम म्हणून.

"मंग यंदा?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"यंदा नाई मारत. एवढ्या साली झाकून झाकून त्याच्यापक्षा माहाच हात जास्त फिरला या भितीवर. आता हत्ती माहा हाये."

कला वेगळी आणि माणूस वेगळा, यावर शहाणी माणसं बोलतात तेव्हा मी ऐकून घेतो. दोन्ही बाजू मला पटतात. पण मी मनात एकच विचारतो, ज्याला त्या भिंतीखाली राहायचं आहे त्याला विचारलं का? हत्ती कधी झाकायचा, कधी उघडा ठेवायचा, हे ठरवायचा अधिकार ना माझा होता, ना ग्रामसभेचा, ना गुरुजींचा. तो त्या बाईचा होता, आणि तिने तो तिच्या वेळेने वापरला. पोलीस खात्याने मला कलमं शिकवली, हे त्या भिंतीने शिकवलं.

निघताना मी सवयीने भिंतीचा उजवा कोपरा पाहिला, जिथे तो आपलं नाव टाकायचा. तिथे हातभर जागेत सिमेंटचा गिलावा होता. जुना, काळा पडलेला, घट्ट. हे कधी केलं म्हणून विचारलं, तर बाई म्हणाल्या, त्याच दिवशी, चुन्याच्या आधी. घरी न्हाणीच्या कामाचं अर्धं पोतं पडून होतं.

गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात आलं. त्या दिवशी सिमेंट घरात होतं, तरी हत्तीवर त्यांनी चुनाच मारला होता.